प्राचार्य नरहर कुरुंदकर

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचा अल्प परिचय सभासद कुटुंबांच्या सेवेशी सादर करावा, हा प्रघात आपणां सर्वांस परिचित आहेच. राजे, सेनापती, संत आणि दानशूर व्यापारी ह्यांची चरित्रे अशा पृष्ठांतून पुष्कळ येतात व ती यावयासही हवीत. परंतु ज्याने उभे आयुष्य खडू आणि फळा ह्यांच्या सान्निध्यात घालविले, अशा शिक्षकाची आठवण आपण क्वचितच करतो. म्हणून ह्या खेपेस आम्ही नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य कै. नरहर अंबादास कुरुंदकर ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांना जाऊन आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आजच्या तरुण पिढीला त्यांचे नाव ठाऊक असते, ग्रंथही क्वचित चाळलेले असतात. पण त्या नावामागे किती दीर्घ परिश्रम उभे आहेत, ह्याची कल्पना फार थोड्यांना असते.

आमचे चुडावा हे पूर्णा आणि नांदेड ह्यांच्या दरम्यानचे रेल्वेचे एक लहानसे स्टेशन. पूर्णा जंक्शनावरून एक फाटा वसमतमार्गे हिंगोलीकडे जातो. त्याच वसमतच्या परिसरात कुरुंदा हे गाव आहे आणि ह्या गावावरूनच कुरुंदकर घराण्याला आडनाव प्राप्त झाले. आज हा भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो; परंतु १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तो आपल्या परभणी जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा कुरुंदकरांविषयी चुडाव्याच्या माणसाने आपलेपणाने बोलावे, ह्यात नवल ते काय! परभणी जिल्ह्याने जन्म दिला आणि नांदेडने कर्मभूमी दिली, असे हे जीवन. आमचे गाव तर ह्या दोहोंच्या मधोमध वसलेले.

नरहररावांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. तो काळ निजामी राजवटीचा होता. मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्या वेळी हैदराबाद संस्थानात मोडत असत. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही शिक्षणाचे माध्यम उर्दूच ठेवण्यात आले. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या अथवा भिक्षुकाच्या मुलाला ज्ञानाच्या दारापर्यंत पोहोचावयाचे, तर प्रथम परकी लिपी व परकी भाषा आत्मसात करावी लागे. उर्दू ही समृद्ध व गोड भाषा आहे, ह्याविषयी वाद नाही. परंतु मातृभाषेचा मार्ग बंद करून दुसरी भाषा पुढे केली, म्हणजे बहुजन समाज शिक्षणास मुकतो, हा अनुभव आपल्या वाडवडिलांनी घेतलेला आहे. औरंगाबादेस इंटरपर्यंतचे एक सरकारी महाविद्यालय होते. त्यापुढे शिकावयाचे म्हटले की हैदराबादची वाट धरावी लागे. तेथे राहण्याजेवण्याचा खर्च किती घरांना झेपत असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

ह्या अंधारात दिवे लावले ते खाजगी शाळांनी. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, सेलूचे नूतन विद्यालय, नांदेडचे प्रतिभा निकेतन ही नावे मराठवाड्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आदराने घ्यावयाची आहेत. ह्या शाळांतील गुरुजनांनी अल्प वेतनावर, प्रसंगी वेतनावाचूनही, मराठी भाषेचा आणि देशप्रेमाचा वसा पुढे चालविला. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते, हे लक्षात घेतले म्हणजे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा उगम शाळेच्या वर्गांतून कसा झाला, ते उमगते.

नरहररावांचे मामा डॉ. नांदापूरकर हे हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मोठे व्यासंगी म्हणून त्यांची ख्याती होती. महाभारत आणि मराठी कवींनी रचलेली भारते हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. वसमतच्या शाळेतून निघून हा भाचा हैदराबादेस शिक्षणासाठी गेला, तेव्हा मामांचा ग्रंथसंग्रह आणि मामांचा सहवास ह्या दोन्ही गोष्टी त्याला लाभल्या. महाभारतावरील त्यांचे पुढील चिंतन ज्यांनी वाचले असेल, त्यांना ह्या सहवासाचे मोल निराळे सांगावयास नको. त्याच काळी संस्थानात मुक्तिलढा पेटलेला होता. कोवळ्या वयाचे नरहरराव त्यात ओढले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. लढ्याचा हा संस्कार त्यांच्या मनावरून कधीही पुसला गेला नाही. समाजवादी विचार आणि राष्ट्र सेवा दलाशी जडलेला स्नेह ही त्याचीच फळे होत.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत, कारण सभासद कुटुंबांतील आईबापांना व विद्यार्थ्यांना तिचा विशेष उपयोग आहे. परीक्षांच्या बाबतीत नरहररावांची वाट मुळीच सरळ नव्हती. ज्या मुलाचे अवांतर वाचन प्राध्यापकांनाही थक्क करणारे होते, तो महाविद्यालयीन परीक्षेत मात्र अपयशी ठरला. पदवी हाती नसतानाच त्यांना पोटासाठी नोकरी धरावी लागली. १९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक झाले. दिवसा मुलांना शिकवावे, रात्री स्वतः अभ्यास करावा आणि सवडीने परीक्षा द्याव्या, अशा रीतीने त्यांनी आपल्या पदव्या पूर्ण केल्या. गुणपत्रिका ही विद्वत्तेची खूण असते खरी, पण ती एकमेव खूण नव्हे. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये की, अपयश आले म्हणून त्यांनी अभ्यास सोडला नाही, परीक्षापद्धतीला दूषणे देत ते बसले नाहीत, आणि अखेर जी पायरी चढावयाची ती चढूनच पुढे गेले.

आता पीपल्स कॉलेजविषयी थोडे सांगितले पाहिजे. संस्थान मुक्त झाल्यावर दोनच वर्षांत, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व तिच्या वतीने हे महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. दोन्ही ठिकाणी लोक हा शब्द नावातच आलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारी हुकमाने निघालेले हे महाविद्यालय नव्हते. लोकांनी लोकांच्या मुलांसाठी उभारलेली ती संस्था होती. ज्या मुलाला हैदराबाद परवडत नसे, त्याला नांदेड परवडू लागले. पूर्णा, चुडावा, लिंबगाव ह्या बाजूच्या मुलांना तर रेल्वेने जाऊन येऊनही शिकणे शक्य झाले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि आपल्या भागाचे शैक्षणिक केंद्र हैदराबादेहून औरंगाबादेस आले.

ह्याच पीपल्स कॉलेजात १९६३ साली नरहरराव मराठीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते त्याच संस्थेत राहिले. तालुक्याजिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मराठी शिकविणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहजी कळत नाही. समोर बसलेली मुले बहुधा घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली असतात. घरी पुस्तक म्हणावे तर पोथी अथवा पंचांग. बोली एक, पाठ्यपुस्तकातील भाषा दुसरी. आपल्या बोलण्याची त्यांना लाज वाटू लागते आणि मराठी हा तर सोपा विषय, त्यात शिकावयाचे ते काय, असाही समज असतो. अशा मुलाच्या मनातील संकोच घालवून त्याला ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत घेऊन जावयाचे, हे काम केवळ टिपणे सांगून होत नाही. त्यासाठी शिक्षकाजवळ विषयाचे सखोल ज्ञान तर हवेच, शिवाय मुलाच्या बुद्धीवर विश्वासही हवा. नरहररावांजवळ ह्या दोन्ही गोष्टी मुबलक होत्या. कठीण विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. तो सोपा करताना त्याचे मोल मात्र ते कमी होऊ देत नसत. भरताचे नाट्यशास्त्र, महाभारत, मध्ययुगीन इतिहास, लोकशाही, इस्लामचा इतिहास असे नाना विषय ते श्रोत्यांपुढे अशा रीतीने मांडीत की, ऐकणाऱ्यास आपणही विचार करू शकतो असा भरवसा वाटू लागे. आमच्या मते शिक्षकाची खरी परीक्षा हीच होय. ज्याच्या व्याख्यानातून बाहेर पडताना विद्यार्थ्याला स्वतःचे लहानपण जाणवते तो विद्वान खरा. पण ज्याच्या व्याख्यानातून बाहेर पडताना विद्यार्थ्याला स्वतःची बुद्धी सापडते, तो शिक्षक.

महाविद्यालयाच्या चार भिंती त्यांना पुरेशा वाटत नसत. व्याख्यानमाला, साहित्यसंमेलने, शिबिरे, शाळांचे समारंभ अशा निमित्तांनी त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. खेड्यातील पारावर जमलेला समाज आणि मोठ्या शहरातील विद्वत्सभा ह्यांत त्यांनी भेद केला नाही. खेड्यातील माणसाला इतिहास कळत नाही, अर्थकारण समजत नाही, म्हणून त्याच्यापुढे चार विनोद सांगावे आणि परत यावे, ही वक्त्यांची रीत त्यांना मान्य नव्हती. विनोद त्यांच्या भाषणात भरपूर असे. पण तो विचाराच्या सेवेसाठी असे.

त्यांची ग्रंथसंपदाही थोडीथोडकी नाही. ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘पायवाट’ ह्या ग्रंथांतून त्यांनी साहित्याची व विचारांची चिकित्सा केली. ‘धार आणि काठ’ ह्या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा घेतला. १९६९ साली ‘जागर’ आणि १९७० साली ‘शिवरात्र’ हे लेखसंग्रह प्रसिद्ध झाले. त्यांतून गांधी, नेहरू, लोकशाही, धर्म आणि राजकारण ह्या विषयांवरील त्यांची मते महाराष्ट्रापुढे आली. गांधीजींच्या हत्येसारख्या विषयावर भावनेच्या आहारी न जाता पुरावा, तारीख आणि तर्क ह्यांच्या आधारे कसे लिहावे, ह्याचा तो वस्तुपाठ आहे. हिंदू परंपरेतील जे त्यांना अन्यायाचे वाटले, त्यावर त्यांनी निःसंकोच टीका केली आणि मुस्लिम समाजातील सनातनी वृत्तीचीही गय केली नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचा रोष त्यांनी ओढवून घेतला. परंतु आपल्या मताला मुरड घालून लोकप्रियता मिळविण्याचा मोह त्यांना कधी झाला नाही.

रणजित देसाई ह्यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीमान योगी’ ह्या कादंबरीला कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. पुष्कळ घरांतून ही कादंबरी आहे व तीमुळेच अनेकांना कुरुंदकरांचे नाव प्रथम कळले. छत्रपतींच्या जीवनातील रोमांचकारी प्रसंग आपण सर्वच आवडीने वाचतो. परंतु कुरुंदकरांनी लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीकडे. १६८० साली महाराजांचे निर्वाण झाले. १६८९ साली संभाजीमहाराजांचा वध झाला, १७०० साली राजाराममहाराज निवर्तले आणि तरीही १७०७ साली औरंगजेबाचा अंत होईपर्यंत हा मुलूख झुंजत राहिला. राजा गेल्यावरही रयत लढत राहते, असे राज्य ज्याने निर्माण केले त्याचे मोठेपण त्या निर्मितीत शोधावे, असा त्यांचा विचार होता. शिक्षकाच्या कार्यालाही हीच कसोटी लावता येईल. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर आणि पुढे जगाबाहेर गेल्यावरही विद्यार्थी अभ्यास करीत राहतो की नाही, ह्यावरच त्याचे यश मोजावयाचे.

आता एका नाजूक विषयाकडे वळणे प्राप्त आहे. कुरुंदकर जातिभेदाचे कडवे विरोधक होते. मनुस्मृतीवर त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत ह्या समाजरचनेची त्यांनी कठोर चिकित्सा केली. स्वतः ब्राह्मण कुळात जन्मूनही आपल्या कुळाच्या बाजूने त्यांनी वकिली केली नाही. ते निरीश्वरवादी होते आणि ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. अशा पुरुषाचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कसे शोभेल, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ज्ञातिसंस्थांचा जन्मच मुळी मुलांच्या शिक्षणाच्या चिंतेतून झालेला आहे. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पुस्तकपेढ्या ही कामे ज्ञातिसंस्थांनी हाती घेतली, ती जातीचा अहंकार वाढविण्यासाठी नव्हे. आपले मूल मागे राहू नये म्हणून. ते मूल शिकून मोठे झाले आणि शेजारच्या घरातील दुसऱ्या जातीच्या मुलाचाही हात धरून पुढे चालू लागले, तर संस्थेचे कार्य सफल झाले, असेच म्हणावे लागेल. कुरुंदकरांना आपल्या ज्ञातीत ओढून आणण्याचा आमचा हेतू नाही. ते कोणत्याही एका ज्ञातीचे नव्हते, म्हणूनच ते सर्वांचे आहेत. त्यांची सर्वच मते आपणांस पटावीत, असाही आग्रह नाही. मते न पटणाऱ्याशी सभ्यपणे वाद कसा करावा, हे त्यांच्याकडून शिकता आले, तरी पुष्कळ झाले.

पुढे नरहरराव पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. प्राध्यापकाचे काम आणि प्रमुखाचे काम ह्यांत मोठे अंतर असते. प्राध्यापकाला आपला विषय आणि आपला वर्ग पाहावयाचा असतो. प्रमुखाला वेळापत्रक, प्रवेश, अनुदान, परीक्षा, सहकाऱ्यांचे रुसवेफुगवे, विद्यार्थ्यांच्या मागण्या, संस्थाचालकांच्या अपेक्षा आणि विद्यापीठाची पत्रे हे सारे सांभाळावे लागते. व्यासंगी माणसाला हा व्याप जाचक वाटतो, ह्यात शंका नाही. ह्या व्यापात वाचन बंद पडलेले कित्येक विद्वान आपण पाहतो. कुरुंदकरांचे वैशिष्ट्य हे की, प्राचार्यपदाच्या खुर्चीवर बसूनही त्यांच्यातील शिक्षक आणि लेखक हरपला नाही. नांदेडसारख्या गावी राहून, पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांपासून दूर असूनही, साऱ्या महाराष्ट्राने कान देऊन ऐकावे असे विचार मांडता येतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मराठवाड्यातील शिक्षकवर्गाचा न्यूनगंड घालविण्याचे हे कार्य त्यांच्या कोणत्याही ग्रंथाहून कमी मोलाचे नाही.

चरित्रकाराने केवळ स्तुती करू नये. कुरुंदकरांच्या लेखनाविषयी काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. त्यांनी फार विषयांना हात घातला, व्याख्यानांत शक्ती खर्ची पडली आणि त्यामुळे एखाद्या विषयावर सलग व विस्तृत असा महाग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही, असे म्हटले जाते. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. त्यांचे पुष्कळसे लेखन प्रसंगोपात्त लेखांच्या व भाषणांच्या स्वरूपात आहे आणि त्यातील बराच भाग त्यांच्या पश्चात संकलित होऊन पुस्तकरूपाने आला. महाभारतावरील ‘व्यासांचे शिल्प’ हे त्याचे एक उदाहरण होय. परंतु ज्या प्रदेशात विचारांची भूकच प्रथम निर्माण करावयाची होती, त्या प्रदेशातील शिक्षकाने खोलीचे दार लावून ग्रंथ लिहावा की दार उघडून लोकांत जावे, हा प्रश्न सोपा नाही. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि त्याची किंमतही दिली.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे एका समारंभात ते भाषणासाठी उभे राहिले आणि व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. सैनिकाने रणात पडावे, तसा हा शिक्षक बोलता बोलता गेला. ही वार्ता ऐकून साऱ्या मराठवाड्याला आपल्या घरातील कर्ता माणूस गेल्याचे दुःख झाले.

त्यांच्यानंतर मराठवाड्यातील शिक्षणाचा विस्तार फार झाला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये निघाली. ज्या भागात पदवीसाठी हैदराबादला जावे लागे, त्या भागातील मुलींनाही आज घराजवळ पदवी घेता येते. हे सारे पाहावयास कुरुंदकर हवे होते. इमारती वाढल्या, पदव्या वाढल्या; आता पदवीमागचा अभ्यास वाढला की नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्या नेहमीच्या रोखठोक पद्धतीने विचारला असता, अशी आमची खात्री आहे.

सभासद बंधुभगिनींना आमची विनंती एवढीच आहे. मुलाला डॉक्टर, इंजिनियर, अधिकारी करण्याची इच्छा आपण अवश्य बाळगावी; परंतु घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने शिक्षक होण्याची इच्छा व्यक्त केली, तर तिला कमी लेखू नये. परीक्षेत एखादे वर्ष वाया गेले म्हणून मुलाला घालूनपाडून बोलू नये. त्याच्या हातात पुस्तक आहे की नाही, ते पाहावे. आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकून जे मोठे झाले असतील, त्यांनी आपल्या गावाकडे, आपल्या शाळेकडे पाठ फिरवू नये. कुरुंद्याचा एक मुलगा नांदेडला राहिला, आयुष्यभर शिकत आणि शिकवीत राहिला आणि त्याने एका मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशाला आत्मविश्वास दिला. आपल्या कुटुंबांतूनही असे शिक्षक निपजोत, ही सदिच्छा व्यक्त करून आणि प्राचार्य कुरुंदकरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही हा लेख पुरा करतो.